तळ्यात भोवऱ्यासारखा फिरणारा पाहुणा कोण?

आजचा भाग एकाच पक्ष्यावर.

समजा, सप्टेंबर-ऑक्टोबरात तुम्ही बेंबळा किंवा निळोण्याच्या काठावर उभे आहात. चिखलात टिलवे आणि तुतवार पळतायत, उथळ पाण्यात शेकाट्या. आणि तिकडे आत, खोल पाण्यात, चिमणीपेक्षा थोडा मोठा एक पक्षी चक्क पोहतोय. मधेच जागच्या जागी गरागरा फिरतोय. थांबा! हा रेड-नेक्ड फॅलारोप असू शकतो.

हा मूळचा आर्क्टिक टुंड्राचा. तिथे अंडी नर उबवतो आणि रंगाने मादी जास्त उठावदार. हिवाळा मात्र तो भर समुद्रात काढतो. पाठीवर छोटी यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात स्कँडिनेव्हियातले पक्षी अरबी समुद्रात आलेले दिसले. यवतमाळ त्या समुद्रापासून सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर आत. म्हणून आपल्याकडे तो दिसला, तर वाटेतला क्षणभराचा पाहुणा समजायचा.

गरागरा का फिरतो? फिरताना तो वरचं पाणी बाजूला सारतो, मग खालचं पाणी वर येतं आणि सोबत बारीक जीव येतात. बोटांना चांदव्यासारखे पाळीदार पडदे असतात, त्यामुळे पोहणं जमतं.

आता ओळख. मी तीन गोष्टी बघतो. एक, चोच: काळी, सरळ, सुईसारखी बारीक. दोन, डोळा: हिवाळी पिसाऱ्यात डोळ्यामागे काळा पट्टा, बाकी चेहरा पांढरा. लाल मान तेव्हा नसते, नावावर जाऊ नका! तीन, पाठ: करड्या पाठीवर फिकट रेघा. पाठ एकसारखी फिकट आणि चोच जाड असेल तर तो रेड फॅलारोप असू शकतो. आणि नुसतं पोहणं हा पुरावा नाही. लांब पायांचे काही तुतवारही कधीकधी पोहतात.

मर्लिन ॲपने नाव सुचवलं म्हणजे काम झालं असं नाही. ई-बर्डवर अशी नोंद टाकली की तपासणारे पुरावा मागतात. म्हणून मी फोटोआधी अर्धा मिनिट व्हिडिओ घेतो. फिरण्याची सवय फोटोत दिसत नाही. मग बाजूने फोटो, आणि तारीख, वेळ, जागा लगेच मोबाइलमध्ये. चुकीची एक नोंद नकाशावर कायमचा गोंधळ घालते, आणि न टाकलेली नोंद म्हणजे आपलं तळं नकाशावर रिकामंच.

जवळचा फोटो हवा म्हणून पाण्यात उतरू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला एकदा उठवलं की त्याची साठवलेली चरबी खर्च होते, आणि पुढचा प्रवास त्या चरबीवरच व्हायचा असतो. काठावर बसा, त्याला खाऊ द्या. तोच हळूहळू जवळ येण्याची शक्यता जास्त.

तुमच्या गावच्या तळ्यावर या आठवड्यात एक चक्कर मारा. भेटू पुढच्या भागात!