मुक्कामाची खोली

तारकर्लीला जाणारा पर्यटक खोली घेताना प्रथम खिडकी पाहतो. तिच्यातून समुद्र दिसला, की चार पैसे अधिक मोजावयास तो तयार होतो. लखनौमधील आलमबागेत उतरणाऱ्या प्रवाशाचा हिशेब निराळा असतो. नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या बेगमेसाठी येथे बाग उभारली, तिच्यावरून वस्तीला हे नाव मिळाले. आता येथे मोठे बसस्थानक आहे, २०१७ पासून मेट्रो आहे आणि चारबाग रेल्वे स्थानकही जवळच आहे. त्यामुळे येथील मुक्काम बहुधा एका रात्रीचा, पुढची गाडी गाठण्यापुरता असतो.

अशा ठिकाणी रस्त्याकडील खिडकी म्हणजे रात्रभर भोंग्यांचा आवाज. मागील बाजूची खोली दिसावयास साधी असली, तरी तेथे झोप लागते. मे-जून महिन्यांत लखनौचा पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीखालची खोली तेव्हा दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. स्वस्त दराचे कारण पुष्कळदा हेच असते. कूलर आहे, एवढे ऐकून समाधान मानू नये. तो चालवून पाहावा. नळ सोडून पाहावा, दाराची आतली कडी लावून पाहावी.

सर्वांत मोठी फसगत वेळेच्या बाबतीत होते. काही ठिकाणी भाडे चोवीस तासांचे असते, तर काही ठिकाणी दुपारी बाराला दिवस संपतो. पहाटे चारला उतरलेल्या कुटुंबास दुसऱ्या प्रकारात आठच तासांसाठी पूर्ण भाडे द्यावे लागते. म्हणून ही अट आणि दरात कर धरला आहे की नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावे व पावतीवर लिहून घ्यावे.