फेलूदाचं वेरूळ, फेलूदाची मुंबई

बंगाली साप्ताहिक ‘देश’च्या १९७३ सालच्या पूजा विशेषांकात सत्यजित राय यांची एक रहस्यकादंबरी आली. तिच्यातला मुख्य थरार घडतो तो आपल्या वेरूळला. ‘कैलाशे केलेंकारी’ हे तिचं नाव, म्हणजे कैलास लेण्यातली भानगड. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरच्या एका यक्षीचं मस्तक कुणीतरी तोडून नेलेलं असतं. ते एका अमेरिकन माणसाला विकलंही जातं. पण तो ज्या विमानातून निघतो, तेच कोलकात्याच्या जवळपास कोसळतं. अपघाताच्या जागेवरून मस्तक पुन्हा गायब होतं आणि त्याचा माग काढत राय यांचा गुप्तहेर फेलूदा, त्याचा चुलत भाऊ तोपशे आणि त्यांचे लेखकमित्र लालमोहनबाबू औरंगाबादला येऊन पोहोचतात.

ही गोष्ट कधी लिहिली गेली, हे इथे महत्त्वाचं आहे. प्राचीन मूर्तींच्या चोरट्या निर्यातीला आळा घालणारा पुरावस्तू कायदा संसदेने १९७२ मध्ये केला, पण तो लागू व्हायला १९७६ साल उजाडलं. तमिळनाडूतल्या शिवपुरमचा नटराज अमेरिकेतल्या संग्राहकाकडे पोहोचल्याचं प्रकरण याच काळात गाजत होतं. म्हणजे मोठी माणसं वर्तमानपत्रांत ज्या विषयावर हळहळत होती, तोच राय यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकापुढे ठेवला, आणि तोही कुठलंही प्रवचन न देता. यक्षीचं डोकं तोडलं गेल्याचं कळल्यावर फेलूदा संतापतो. त्या संतापातूनच वाचणाऱ्या मुलाला कळतं की इथे नुसती चोरी झालेली नाही. वेरूळला सहलीला नेऊन शिक्षकांनी दिलेली माहिती मुलं आठवडाभरात विसरतात. या कादंबरीतलं कैलास लेणं मात्र पक्कं ध्यानात राहतं, कारण तिथे अंधारात कोण दबा धरून बसलंय, याची धास्ती मनात असते.

फेलूदाचा जन्म ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात झाला. राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी ते १९१३ मध्ये सुरू केलं, पुढे वडील सुकुमार यांनी चालवलं. बंद पडलेलं हे घरचं मासिक राय यांनी १९६१ मध्ये कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या जोडीने पुन्हा काढलं. अंक भरायचा तर संपादकालाच लेखणी हातात घ्यावी लागते. दार्जिलिंगला घडणारी फेलूदाची पहिली गोष्ट डिसेंबर १९६५ पासून ‘संदेश’मध्ये क्रमशः आली. १९९२ मध्ये राय गेले तोवर प्रदोषचंद्र मित्तिर ऊर्फ फेलूदाच्या पूर्ण झालेल्या कथा-कादंबऱ्या ३५ वर पोहोचल्या होत्या.

या गोष्टी मुलांसाठी आहेत, याचा अर्थ त्या सोप्या आहेत असा नाही. उलट, किशोरवाचकाचं भान ठेवून रहस्यकथा रचणं अवघडच असतं. प्रेमप्रकरणं, व्यभिचार, रक्तपात हा रहस्यकथेचा नेहमीचा दाणागोटा इथे चालत नाही. मग उरतं काय? लोभ, तोतयेगिरी, जुन्या वस्तूंचा हव्यास, आणि माणसं बोलताना करतात त्या चुका. राय यांनी सगळी बांधणी याच सामग्रीवर केली.

‘सोनार केल्ला’ या फेलूदा-कादंबरीतला एक प्रसंग पाहा. मंदार बोस नावाचा गृहस्थ आपण जग पालथं घातल्याच्या बढाया मारत असतो. टांगानिकात लांडग्याची शिकार केल्याचंही तो ठोकून देतो. लालमोहनबाबू भारावून ऐकत राहतात. फेलूदाला मात्र ठाऊक असतं की त्या मुलखात लांडगा नाही. ना दुर्बीण, ना ठसे. भूगोल नीट वाचलेला असला की माणूस खोटं बोलतोय हे कळतं. हा पुरावा वाचकाच्याही डोळ्यांसमोरच ठेवलेला असतो. तो निसटला तर दोष आपल्या वाचनाचा, लेखकाने काही लपवलेलं नसतं. किशोरवयात असा लेखक भेटला की मुलगा पुढचं पान सावधपणे वाचू लागतो.

लालमोहन गांगुली म्हणजेच ‘जटायू’ या टोपणनावाने धडाकेबाज साहसकथा लिहिणारे लेखक. खप भरपूर, माहिती मात्र भलतीच. वाळवंटावर कादंबरी लिहून मोकळे झालेल्या या माणसाला उंटाच्या मदारीत चरबी असते हे फेलूदाकडून कळतं. ते ओशाळतात, पण रागवत नाहीत. चूक कबूल करून पुढच्या आवृत्तीत सुधारायला निघालेला मोठा माणूस मुलांच्या साहित्यात फार क्वचित भेटतो, म्हणून मला जटायू फेलूदाइतकेच मोलाचे वाटतात.

‘सोनार केल्ला’वर राय यांनी १९७४ मध्ये चित्रपट काढला. पुस्तक लोकांचं वाचून झालंय, आता गुन्हेगार कोण हे शेवटपर्यंत दडवून काय साधणार, असा विचार करून त्यांनी पडद्यावर खलनायक सुरुवातीलाच उघड केला. प्रश्न उरला तो फेलूदा त्याला कसा गाठतो एवढाच, आणि तरीही प्रेक्षक खुर्चीला खिळून राहिला. कथेतल्या जैसलमेरच्या पिवळ्या दगडाच्या किल्ल्याकडे बंगाली पर्यटकांची रीघ लागली ती त्यानंतरच.

मुंबईची पाळी आली १९७६ मध्ये. ‘बोम्बाइयेर बोम्बेटे’त जटायूंच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघतो, म्हणून तिघे मुंबईला येतात. बरोबर आणलेल्या एका पुडक्यावरून घोळ होतो, लिफ्टमध्ये खून होतो, एका अत्तराचा वास पाठलाग करत राहतो आणि शेवट खंडाळा-लोणावळ्याच्या बाजूला चालत्या गाडीवरच्या शूटिंगमध्ये होतो. या सगळ्याच्या मुळाशी असतो नानासाहेब पेशव्यांचा नौलखा हार. मराठी वाचकाला आणखी काय हवं!

एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. या सगळ्या जगात स्त्रिया जवळपास नाहीतच. आजची तेरा वर्षांची मुलगी हे वाचायला बसली, तर तोपशेच्या जागी स्वतःला कल्पूनच तिला आत शिरावं लागतं. काळाचं कारण सांगून ही गोष्ट सोडून देता येणार नाही.

आता मला खरं म्हणायचंय ते. १९७० पासून वर्षानुवर्षं फेलूदाची नवी कादंबरी ‘देश’च्या पूजा अंकात येत गेली. तो अंक मुलांचा नव्हे. बंगालमधले नामवंत कादंबरीकार आपलं नवं लेखन त्यात देत. त्यांच्याच पंगतीला किशोरांची रहस्यकथा बसली. घरात अंक आला की आधी कुणी वाचायचा यावरून मुलं आणि मोठी माणसं यांच्यात ओढाओढ व्हावी, अशी ही सोय होती. दर्जा राखला गेला त्याचं एक कारण हेही असणार. बापाने आणि मुलाने एकच गोष्ट वाचायची म्हटल्यावर ढिलाई चालत नाही.

आपल्याकडे दिवाळी अंकाची परंपरा का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’पासून, १९०९ पासूनची. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत आणला आणि सायकलवरून गुन्हेगारांच्या मागे धाडला. त्या फास्टर फेणेवर पिढ्या पोसल्या. ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासून मुलांची भूक भागवली. फेलूदाही अशोक जैन यांच्या अनुवादातून, रोहन प्रकाशनामुळे मराठीत आला. पण मोठ्यांच्या दिवाळी अंकात चौदा वर्षांच्या वाचकासाठी नवी कोरी, पूर्ण लांबीची रहस्यकादंबरी शोधू गेलं तर ती सहसा हाती लागत नाही. मुलांचा मजकूर मुलांच्या अंकात, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. मग हीच मुलं इंग्रजी रहस्यकथांकडे वळली की आपण मराठी वाचनाच्या नावाने गळा काढतो.

संपादकांना विनंती एवढीच आहे: पुढच्या वर्षीच्या अंकात अशा एका कादंबरीसाठी पन्नास पानं राखून ठेवा, चांगल्या लेखकाला तिचं आमंत्रण आत्ताच पाठवा, आणि मानधन मोठ्यांच्या कादंबरीइतकंच द्या.