जीपला डिफरन्शियल लॉक घ्यावे का? घ्यायचे तर कोणते?



अलीकडे आपल्या कार्यक्षेत्रात फोर व्हील ड्राइव्हच्या गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. सकाळी शेतावर, दुपारी तालुक्याला, आणि सुट्टी लागली की ताम्हिणी घाट उतरून हरिहरेश्वराच्या दर्शनाला नाहीतर दिवेआगर, मुरुड, अलिबागला. सगळं एकाच गाडीवर. त्यामुळे आमच्या शेतकी खात्याच्या गट कचेरीत ऊस लागणीच्या नोंदीबरोबर आता हाही प्रश्न येतो : "साहेब, लॉकवाली घेऊ, का लिमिटेड स्लिपवाली?" उसाच्या बिलातून जाणारा पैसा आहे आणि घाटात माणसांच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेणे बरे.

2024 साल संपता संपता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी मोटार वाळूत रुतली. ती शेवटी बैलगाडीला बांधून ओढून काढली. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या मोटारीला ताकदीची काय कमतरता? पण खुरांना वाळूत पकड मिळाली, चाकांना मिळाली नाही. गाडी इंजिनच्या ताकदीवर नव्हे, चाकाच्या पकडीवर निघते, हे पहिले ध्यानात घ्यावे.

डिफरन्शियल करते काय?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक फरफटेल. ही अडचण डिफरन्शियल दूर करते. पण त्याचा एक स्वभाव आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. बैलजोडीतला एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं आणि दुसऱ्या तगड्या बैलाचाही जोर वाया जातो, तसंच हे. एक चाक चिखलात भिरभिरू लागलं की त्याला जेवढी पकड आहे तेवढाच जोर कोरड्या चाकाला मिळतो, आणि गाडी जागच्या जागी. फोर व्हील टाकली तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की तीच गत होते.

यावरचा उपाय आपल्या ट्रॅक्टरवर आहेच. टाचेशी असलेला डिफरन्शियल लॉकचा पायडल दाबला की दोन्ही चाकं एकजीव होतात. नांगरट करताना एक चाक घसरलं की आपण तो दाबतो आणि बांधाशी वळायच्या आधी सोडतो. जीपचा प्रश्नही एवढाच आहे : लॉक लावणार कोण, सोडणार कोण, आणि कधी?

प्रकार चार

1) लिमिटेड स्लिप. एक चाक जास्त फिरू लागलं की क्लच प्लेटा किंवा खास दात्यांची चाकं दुसऱ्या चाकाकडे थोडा जोर वळवतात. चालकाला काही करावं लागत नाही. पावसाळी डांबरी रस्त्याला आणि बेताच्या चिखलाला हे चांगलं. पण दात्यांच्या प्रकारात एक चाक पार अधांतरी झालं तर फारशी मदत होत नाही. प्लेटा झिजतात आणि त्यांना वेगळ्या जातीचं ऑइल लागतं. साधं ऑइल भरू नये.

2) आपोआप लागणारे लॉक. दोन चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की हे स्वतःच लागतं आणि वेग वाढला की लागत नाही. महिंद्र थारला 2015 च्या सुधारित गाडीपासून मागच्या एक्सलला असं लॉक मिळू लागलं. मात्र प्रत्येक मॉडेलात ते नसतं. विचारून घ्यावं. ते लागायला चाक आधी थोडं फिरावं लागतं, आणि तेवढ्यात वाळूत खड्डा पडतो.

3) चालकाने लावायचे लॉक. तार, हवा किंवा विजेवर चालणारं, थेट आपल्या ट्रॅक्टरच्या जातीचं. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे असं लॉक येतं. एरवी गाडी साध्या गाडीसारखी वळते. मात्र डांबरावर लॉक लावून वळवू नये. टायर घासतात, दांड्यांवर ताण येतो, ओल्या वळणावर मागची बाजू सरकू शकते.

4) ब्रेकने काम भागवणारी सोय. घसरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. 2023 मध्ये आपल्याकडे आलेल्या मारुती जिम्नीत ही सोय आहे. अधूनमधून अडणाऱ्याला पुरेशी. लांबवर चिखल तुडवायचा तर ब्रेक तापतात.

आमचे मत

रोजची गाडी नव्वद टक्के डांबरावर चालणार असेल तर मागच्या एक्सलला चालकाने लावायचं लॉक सर्वांत बरं. ते गरजेपुरतं लागतं आणि एरवी रस्त्यात येत नाही. पुढच्या एक्सलला लॉकची आपल्याला सहसा गरज नाही. लॉक लागलं की स्टिअरिंग जड होतं. शेताची वाट बरी असेल तर लॉकपेक्षा चांगल्या टायरवर खर्च करावा. बाहेरून लॉक बसवायचं तर वॉरंटी व विम्याबाबत आधी लेखी विचारून घ्यावं.

किनाऱ्यावर जाताना

लॉक पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वापरतं. दोन्ही चाकं कोरड्या वाळूत असतील तर लॉक लावून दोन्ही खड्डे एकदम खोल जातात. वाळूत पहिलं काम हवा कमी करणं, टायर पसरून पकड वाढते. डांबरावर येताच हवा पूर्ववत भरावी. मुळात अनेक किनाऱ्यांवर वाहनास मनाई आहे, आणि दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवावी.

लॉकचा खरा उपयोग होतो तो वाडीच्या लाल चिखलात, खारजमिनीच्या बांधावर, आणि दिघी-आगरदांडा किंवा वेश्वी-बागमांडला फेरीच्या शेवाळलेल्या उतारावर. तिथे एक चाक घसरतं, दुसऱ्याला पकड असते. लॉक चाक भिरभिरत असताना टाकू नये. थांबून टाकावं, सरळ निघावं, कोरड्यावर आलं की काढावं. एक्सल खाऱ्या पाण्यात बुडाला असेल तर ऑइल तपासावं. दुधासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदलावं.

गाडी बुक करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : लॉक कोणत्या एक्सलला आहे? ते मी लावायचं की आपोआप लागतं? किती वेगापर्यंत चालतं? ऑइल कोणतं आणि किती किलोमीटरला बदलायचं? उत्तरं कागदावर मिळाली की मगच आगाऊ रक्कम भरावी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते