मानसिक आजारात साहाय्यक श्वान : घरच्या घरी प्रशिक्षण

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला ठरावीक कामात मदत करण्यासाठी शिकविलेल्या कुत्र्याला मनोसाहाय्यक श्वान म्हटले जाते. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांग कायद्यानुसार असा श्वान स्वतः तयार करता येतो. संस्थेचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र आजाराशी निगडित एखादे काम त्याला आलेच पाहिजे. केवळ सहवासाने दिलासा देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही.

भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. परंतु साहाय्यक श्वानाच्या सार्वजनिक प्रवेशाची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. त्यामुळे विकत घेतलेल्या ओळखपत्राने किंवा जाकिटाने हक्क प्राप्त होत नाही. घराबाहेर दुकानदाराची अथवा कार्यालयाची परवानगीच घ्यावी लागते. घरातील मदतीस मात्र कायद्याची आडकाठी नाही आणि खरा उपयोग तेथेच आहे.

प्रशिक्षण कसे द्यावे?

राजस्थानात जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या चाकसूसारख्या तालुक्याच्या गावी जाणकार प्रशिक्षक सहसा मिळत नाही. हे काम घरच्यांनाच करावे लागते. प्रथम मनोविकारतज्ज्ञाशी बोलून एकच काम निश्चित करावे. उदाहरणार्थ, औषधाच्या वेळेची आठवण. गजर वाजताच कुत्र्याला खाऊ द्यावा. गजर ऐकून तो माणसाकडे येऊ लागला की हाताला नाक लावल्यावरच खाऊ द्यावा. शेवटी, माणूस उठून औषधाच्या डब्यापर्यंत गेल्यावरच खाऊ मिळावा. खाऊ कृतीनंतर तत्क्षणी द्यावा. पाच-दहा मिनिटांचे सराव दिवसातून दोन-तीनदा पुरेसे होतात. दुःस्वप्नातून जागे करणे किंवा घबराटीच्या झटक्यात मांडीवर भार देऊन बसणे ही कामेही अशीच टप्प्याटप्प्याने शिकविता येतात.

मारझोड टाळावी, भ्यालेला कुत्रा आजारी माणसाला आधार देऊ शकत नाही. उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वी करावा. बाहेरचा सराव अंगण, शांत गल्ली, मग बाजार या क्रमाने वाढवावा. चाकसूजवळ शील की डुंगरी येथे भरणाऱ्या शीतलामातेच्या यात्रेसारखी गर्दी नवशिक्या कुत्र्यासाठी नव्हे. रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी.

मर्यादा कोणत्या?

पूर्ण प्रशिक्षणास साधारणतः एक ते दोन वर्षे लागतात आणि प्रत्येक कुत्रा या कामास योग्य ठरत नाही. बुजरा किंवा चावरा कुत्रा घरचा सोबती म्हणूनच ठेवावा. आजार बळावल्यास कुत्र्याचे खाणे-फिरणे कोण पाहणार, हे कुटुंबाने आधीच ठरवावे.

श्वान हा औषधोपचाराला पर्याय नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होता आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. त्यामुळे कुत्रा आणण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.