डबा कोणासोबत उघडला?

‘दोन दिवसांत कोणाला भेटलात?’ या प्रश्नाला छत्तीसगडमधल्या भिलाईत ठरलेलं उत्तर मिळायचं : ‘किसी से नहीं.’ २०२० च्या पावसाळ्यात करोना रुग्णांचे संपर्क शोधण्याच्या कामाला जुंपलेल्या एका शिक्षिकेजवळ बसून मी तिचे फोन ऐकत होतो. तो प्रश्न तिने एव्हाना सोडूनच दिला होता. ती दिवस उलगडून घ्यायची. ड्यूटी फर्स्ट शिफ्टची की नाइटची? गेटपर्यंत कोणाच्या गाडीवर गेलात? डबा कोणासोबत उघडला? लक्षणं दिसण्याआधीचे दोन दिवस तिला हवे असत, आणि माणसांना माणसं आठवत नाहीत, चहा आठवतो. टपरीपाशी गोष्ट पोचली की दोन-चार नावं सुटायची.

तीही गाळून. पोलाद कारखान्यातल्या कायम कामगाराला सेक्टरमधलं क्वार्टर असतं, सेक्टर नऊचं रुग्णालय असतं. खुर्सीपारच्या वस्तीतून येणाऱ्या ठेका कामगाराची हजेरी बुडाली की त्या दिवसाची रोजी बुडाली. सोबतच्या हेल्परचं नाव सांगायचं म्हणजे त्याला चौदा दिवस घरी बसवायचं. मग मशीनवर शेजारी उभा असलेला माणूस यादीतून नेमका गळायचा. याला लोक अडाणीपणा म्हणत. मला त्यात हिशेब दिसला, आणि बराचसा कळवळाही.

अब्रूची भीती होतीच. दारावर करोनाचा कागद चिकटला की दूधवाला लांबून भांडं मागायचा. सक्षम अधिकाऱ्याच्या खास आदेशाशिवाय असे कागद लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० ला सांगितलं. तोवर गल्लीला घरं पाठ झाली होती. आरोग्य सेतू अ‍ॅप एप्रिलपासून होतं, पण घरात एकच स्मार्टफोन आणि तो मुलाच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला, तिथे ते कोणाचा माग काढणार?

वस्तीत खरी मदार मितानिनवर. छत्तीसगडची ही आरोग्यसेविका त्याच गल्लीतली, म्हणून तिच्यापुढे तोंड उघडे. आणि त्याच गल्लीतली, म्हणून रुग्णवाहिका आली की बोल तिलाच.

६ एप्रिल २०२१ ला भिलाईच्या दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी लागली, तेव्हा फोनची दिशाच फिरली. यादीतली माणसंच शिक्षिकेला गाठू लागली : मॅडम, बेड कुठे मिळेल? नावं आता न विचारता येत होती, घरच्या सगळ्यांची, वयासकट.