दहा मायक्रोफॅरडची सबुरी

पेटीची पट्टी दाबा आणि सतारीची तार छेडा. दोन्हीकडे षड्जच लागला असला, तरी डोळे मिटून कोणीही सांगेल की कुठला आवाज कशाचा. ही ओळख बरीचशी पटते ती आवाज उगवतो कसा आणि मावळतो कसा यावरून. १९४८ साली पिएर शेफेर या फ्रेंच संगीतकाराने ध्वनिमुद्रित घंटानादातला सुरुवातीचा टोलाच काढून टाकला. उरलेला आवाज घंटेचा वाटेना, कुणीतरी वाद्य फुंकतंय असा वाटू लागला. गेला होता तो फक्त पहिला क्षण!

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल जोडून आवाज घडवणाऱ्या यंत्रात, हा पहिला क्षण आपल्या हातात असतो. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावी अभियंता रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच असं पहिलं यंत्र जुळवत होते, तेव्हा सुराला ठोका कसा द्यायचा हाच प्रश्न पडला. त्यांनी दारावरच्या घंटीचं बटण आणलं. ते दाबलं की एका छोट्या कपॅसिटरमध्ये विद्युतदाब साठायचा आणि मग हळूहळू ओसरायचा. पुढच्याच वर्षी संगीतकार व्लादिमीर उसाचेव्स्की यांनी मूगकडे सुराच्या आयुष्याचे चार टप्पे मागितले. आज आपण त्यांना अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज म्हणतो. हे टप्पे आखून देणारं मॉड्यूल म्हणजे एन्व्हलप जनरेटर.

यातलं काळाचं गणित इतकं साधं आहे की पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. रेझिस्टरचे ओहम गुणिले कपॅसिटरचे फॅरड बरोबर सेकंद. १ मेगओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले की नेमका १ सेकंद. तेवढ्या वेळात कपॅसिटर ६३ टक्के भरतो. रिकामा होताना १ सेकंदाने ३७ टक्के उरतो, पुढच्या सेकंदाला त्या उरलेल्याचे ३७ टक्के, असं चालू राहतं. छेडलेली तंबोऱ्याची तारही साधारण याच चालीने विझते, आणि आपला कान आवाजाची पातळी जवळपास याच पटीच्या हिशेबाने मोजतो. म्हणून पत्र्याच्या पेटीतला हा उतार कानाला परका वाटत नाही.

नॉब फिरवला की रेझिस्टर बदलतो, कपॅसिटर मात्र तोच राहतो. माझ्या मॉड्यूलमध्ये तो १ मायक्रोफॅरडचा होता. नॉब एका टोकाला १ किलोओहम, दुसऱ्या टोकाला १ मेगओहम, म्हणजे १ मिलिसेकंद ते १ सेकंद. तबल्याची टिचकी त्यात बसायची, पहाटेसारखा सावकाश उगवणारा सूर बसायचा नाही.

उपाय नखाएवढा. वीजपुरवठा बंद करून बोर्ड उलटा केला आणि जुन्या कपॅसिटरच्या दोन पायांना समांतर असा १० मायक्रोफॅरडचा दुसरा जोडला, मध्ये एक स्विच घालून. अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण, ती तीनदा तपासली, कारण ती उलटी लागली तर कपॅसिटर कामातून जातो. मग दोन डाग दिले. समांतर जोडलेले कपॅसिटर बेरजेने वाढतात, म्हणून स्विच चालू केला की ११ मायक्रोफॅरड आणि सगळा काळ अकरा पट. स्विच मात्र हवाच. त्याशिवाय १ मिलिसेकंदाचे ११ होतात, टिचकीची धार जाते आणि नुसता धप्प आवाज उरतो. शिवाय अशा कपॅसिटरवरचा छापील आकडा वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असणं नेहमीचंच. तुमचे ११ सेकंद आणि माझे ११ सेकंद त्यामुळे जुळायचे नाहीत, आणि मला ते फार आवडतं.

स्विच चालू केला, नॉब पूर्ण फिरवला आणि खालचा षड्ज दाबून धरला. सुरुवातीला काहीच नाही. मग पंख्याच्या घरघरीखालून काहीतरी हललं. सूर कधी सुरू झाला ते सांगता येईना, तो आहे एवढंच कळत होतं. पूर्ण भरल्यावर पट्टी सोडली आणि घड्याळाकडे पाहिलं. चाळीस सेकंद झाले, पंखा बंद केला, स्पीकरच्या जाळीला कान लावला. षड्ज अजून होता.