वाचनालयातून संग्रहालयाचा पास

वाचनालयाचे काम पुस्तके देण्यापुरतेच, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु बॉस्टन, न्यूयॉर्क, टोरांटो यांसारख्या शहरांत वाचनालयाच्या सभासदाला पुस्तकाप्रमाणेच संग्रहालयाचा मोफत किंवा सवलतीचा पासही नेता येतो. ही पद्धत कशी चालते आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर तिचा काय उपयोग, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

योजना साधी आहे. वाचनालय किंवा त्याचे हितचिंतक मंडळ संग्रहालयाची वार्षिक वर्गणी भरते, अथवा संग्रहालयच काही पास देऊन ठेवते. सभासदाने दिवस ठरवून नाव नोंदवायचे व पास न्यायचा. काही पास पुस्तकासारखे परत करावे लागतात. काहींवर तारीख घातलेली असते, तो दिवस उलटला की ते निरुपयोगी होतात. न्यूयॉर्कच्या तीन सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१८ साली एकत्र येऊन ही सोय सुरू केली. तेथे एका सभासदाला एका संस्थेचा पास वर्षातून एकदाच मिळतो. त्यामुळे तेच ते लोक पुन्हा पुन्हा लाभ घेतात, असे होत नाही.

यात संग्रहालयाचा तोटा नाही काय? दालने उघडीच असतात, पहारेकरी उभेच असतात. चार माणसे अधिक आली म्हणून खर्च फारसा वाढत नाही. उलट, एरवी जी आलीच नसती ती माणसे येतात.

आता आपल्याकडे पाहू. घारापुरी बेट उरण तालुक्यातले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्याला एलिफंटा म्हटले, तो हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. १९१४ साली त्याचे तुकडे जोडले गेले आणि आज तो भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. घारापुरीचीच ब्रह्मदेवाची मूर्ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरले की हे वस्तुसंग्रहालय पायी दहा-पंधरा मिनिटांवर. तरी आपल्यापैकी कितीजणांच्या मुलांनी ते पाहिले आहे? लाँचचे भाडे व खाणेपिणे झाल्यावर घरच्या पाचजणांच्या तिकिटांचा हिशेब येतो, आणि बहुधा तोच बेत पुढे ढकलला जातो.

मग पासाचा खर्च करावा कोणी? १९६७ च्या कायद्याखाली आपल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते व बाकीचा भार वर्गणी उचलते. त्यात शिल्लक थोडीच राहते. परंतु वडिलांच्या स्मरणार्थ पुस्तकांचे कपाट देणारी माणसे आपल्या गावांत आहेत. तशीच त्यांनी एका पासाची वर्षाची वर्गणी द्यावी आणि वाचनालयाच्या चालकांनी संग्रहालयाशी बोलणी करावी. पास हरवण्याची भीती असेल, तर पुस्तकासाठी घेतो तशी अनामत घ्यावी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात, म्हणून दिवाळीच्या सुटीपासून आरंभ करावा. पासाबरोबर घारापुरीवरचे एखादे पुस्तकही हाती द्यावे, म्हणजे पाहणे डोळसपणे होईल.

वाचनालयातून पुस्तक नेताना कोणी आपल्यावर उपकार करतो आहे, असे सभासदाला वाटत नाही. तो हक्काने नेतो आणि मुदतीत परत करतो. पासाची नोंद त्याच वहीत झाली, तर कोळ्याचे, शेतकऱ्याचे, कारकुनाचे मूल संग्रहालयाच्या दारातून त्याच हक्काने आत जाईल.